दारू सुटते ती कशाने?
गोव्यातील एका प्रयोगाचे परीक्षण, चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. आज त्यांच्यामधून बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा वाहते आणि दारूच्या बाबतीत दोन्ही काठांचा इतिहास वेगवेगळा आहे. गडचिरोलीत स्त्रियांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली आणि ती आजही आहे. चंद्रपुरात बंदीच्या मागणीसाठी डिसेंबर २०१० मध्ये स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी तिथे बंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला.

इतक्या वर्षांत दोन्ही काठांवर चर्चा झाली ती मुख्यतः एकाच प्रश्नाची : बंदी हवी की नको? प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण त्याच्या आड दुसरा एक प्रश्न झाकला जातो. ज्याला दारूची सवय आधीच लागली आहे त्याची ती सुटावी, म्हणून नेमके काय करायचे? दारूचे दुकान उघडे असले तरी हा प्रश्न असतो, आणि दुकान बंद झाले की तो अधिक निकडीचा होतो.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूच्या पुरते आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळालेले होते. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला काय येते, ते आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गावात पाहिलेले आहे. शपथा, नवस, मारहाण, भांडणे आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती.

व्यसनांवर संशोधन होत नाही असे नाही, भरपूर होते. मग ते या सदतीस जणांपर्यंत का पोचत नाही? याचे उत्तर शोधायचे तर एखादे चांगले संशोधन हातात घेऊन ते नीट वाचून पाहावे लागेल. त्यासाठी मी आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक प्रयोग निवडला आहे. हा प्रयोग चांगला आहे म्हणूनच त्याचे परीक्षण करण्यासारखे आहे. वाईट प्रयोगाच्या चुका दाखवून आपल्या हाती फारसे काही लागत नाही.

प्रयोग काय होता?

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेतील अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१५ या काळात हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रश्न सरळ होता. आपल्या देशात मनोविकारतज्ज्ञ फार थोडे आहेत आणि जे आहेत ते शहरांत आहेत. अशा परिस्थितीत गावातल्याच, जेमतेम माध्यमिक शिक्षण झालेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून उभे केले, तर त्यांच्या बोलण्याने कोणाची दारू सुटेल का?

गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत काही ना काही तक्रार घेऊन आलेल्या पुरुषांना दारूविषयी प्रश्न विचारण्यात आले. त्यासाठी ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरली. ती जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली आहे. तुम्ही किती वेळा पिता, एका वेळी किती पिता, पिण्यापायी कामे राहून जातात का, सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागते का, असे हे प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला गुण असतात आणि एकूण गुण ० ते ४० या दरम्यान येतात. ८ च्या आत असाल तर धोका कमी. २० किंवा अधिक असाल तर बहुधा दारूवर शरीराचे अवलंबित्व आलेले. ज्या पुरुषांचे गुण १२ ते १९ या मधल्या पट्ट्यात होते, त्यांनाच प्रयोगात घेतले गेले.

अशा ३७७ जणांची विभागणी दोन गटांत केली. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांनी किंवा रुग्णांनी ठरवले नाही. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे केवळ योगायोगाने ठरले. एका गटाला नेहमीचीच सेवा मिळाली, फक्त डॉक्टरांना रुग्णाच्या पिण्याची माहिती आणि उपचाराची मार्गदर्शिका दिली गेली. दुसऱ्या गटाला याच्या जोडीला समुपदेशन मिळाले. जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येक बैठक साधारण पाऊण तासाच्या आत. पहिल्या बैठकीत समुपदेशक त्या माणसाच्या पिण्याचा हिशोब त्याच्यासमोर मांडतो, पण उपदेश करत नाही. मग मित्र आग्रह करतील तेव्हा नकार कसा द्यायचा, तलफ आली की ती वेळ कशी निभावायची, घरातल्या अडचणींवर दारूखेरीज कोणते उपाय आहेत, याचा सराव. शेवटी, सुटलेली दारू पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काय करायचे, याची तयारी. समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून आपल्या बैठकांच्या ध्वनिफिती ऐकत आणि एकमेकांना गुण देत. शिक्षकांना ही पद्धत विशेष आवडावी!

छत्तीस आणि सव्वीस

तीन महिन्यांनी सर्वांना पुन्हा तीच प्रश्नावली दिली गेली. ज्यांचे गुण ८ च्या खाली आले ते सुधारले, असे मानायचे हे आधीच ठरलेले होते. समुपदेशन मिळालेल्या गटात असे शेकडा ३६ निघाले.

इथे क्षणभर थांबू. आपल्याकडचे एखादे केंद्र असते तर ‘आमच्या उपचाराने शेकडा ३६ जण बरे झाले’ अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली असती. ती चुकीची ठरली असती, कारण ज्या गटाला समुपदेशन मिळालेच नाही त्यातलेही शेकडा २६ जण तीन महिन्यांत सुधारले होते. म्हणजे समुपदेशनाच्या पदरात पडतात ते शंभरातले दहा. बाकीचे सव्वीस एरवीही सुधारलेच असते.

ते कसे? माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा त्याचे पिणे वाढलेले असताना. काही दिवसांनी ते आपोआप थोडे खाली येते, जसा खूप तापलेला दिवस पुढे थोडा निवतो. कोणी आजारपणाने घाबरतो, कोणाच्या घरी मूल जन्माला येते, कोणाची शेतीची कामे सुरू होतात. कोणी डॉक्टरांच्या एका वाक्यानेच सावध होतो. आणि आपल्याला कोणीतरी मुद्दाम प्रश्न विचारले, याचाही थोडा परिणाम होतोच. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर हे सगळे श्रेय उपचाराच्या खात्यावर जमा होते. विज्ञानशिक्षक वर्गात ‘एक रोप उजेडात, एक अंधारात’ ठेवायला सांगतात, ते याचसाठी.

दहा हा आकडा लहान वाटेल, पण तो क्षुल्लक नाही. जेमतेम चार बैठका, तज्ज्ञ डॉक्टर नाही, महागडे औषध नाही, आणि दर दहा माणसांमागे एक अधिक माणूस सावरतो. शिवाय मागील चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात शेकडा ४२ होते, दुसऱ्यात १८. वर्षभरानंतरच्या तपासणीत फरक पुसला गेला नव्हता, उलट रुंदावला होता : ८ च्या खाली गुण असलेले एका गटात शेकडा ५४, तर दुसऱ्यात ३२. व्यसनाच्या क्षेत्रात वर्षभर टिकणारा परिणाम दाखवणारे आणि तोही प्रामाणिकपणे तुलना करून दाखवणारे संशोधन आपल्या देशात विरळाच. त्याबद्दल या शास्त्रज्ञांचे ऋण मानायला हवे.

प्रयोगात काय आढळले नाही?

पण शोधनिबंध वाचताना त्यातील यशाच्या ओळींइतक्याच अपयशाच्या ओळीही वाचल्या पाहिजेत. या लेखकांनी त्या लपवलेल्या नाहीत, ही चांगली गोष्ट. ज्यांनी पिणे चालूच ठेवले त्यांच्या रोजच्या पिण्याचे प्रमाण समुपदेशनाने कमी झाले नाही. कामाचे बुडालेले दिवस कमी झाले नाहीत. आत्महत्येच्या प्रयत्नांत फरक पडला नाही. आणि बायकोला होणाऱ्या मारहाणीतही तीन महिन्यांनी दोन गटांत फरक आढळला नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चंद्रपूर-गडचिरोलीतील बाया दारूविरुद्ध रस्त्यावर आल्या त्या नवऱ्याच्या यकृताची काळजी म्हणून नव्हे, किंवा निदान तेवढ्यासाठी नव्हे. त्यांना मार चुकवायचा होता, धान्याचे पैसे घरात राहायला हवे होते. त्यांचा प्रश्न होता : ‘माझे घर नीट चालेल का?’ प्रयोगाने मुख्यतः विचारलेला प्रश्न होता : ‘या पुरुषाचे गुण ८ च्या खाली येतात का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एकच नाहीत. संशोधन आणि व्यवहार यांच्यातील दरीची सुरुवात इथे होते. ज्याच्या घरात दुखणे आहे त्याला न विचारता संशोधनाचा प्रश्न ठरतो आणि मग उत्तर त्याच्या उपयोगी पडले नाही की आपण आश्चर्य करतो.

दुसरी मर्यादा प्रवेशाच्या अटीची. २० किंवा त्याहून अधिक गुण असलेले, म्हणजे सकाळी हात थरथरतात म्हणून पिणारे, या प्रयोगाच्या बाहेर राहिले. शास्त्रीय दृष्टीने हे योग्यच होते, त्यांचे उपचार वेगळे असतात. पण गावात ‘याची दारू सोडवा हो’ म्हणून घरचे लोक ज्याला घेऊन येतात तो नेमका हाच माणूस असतो. मधल्या पट्ट्यातल्या माणसाला घरचेही व्यसनी म्हणत नाहीत. तो फक्त ‘कधीमधी घेतो’. तेव्हा हा प्रयोग वाचून कोणी ‘आशाताईंनी चार वेळा बोलले की दारू सुटते’ असे समजेल तर ते धोक्याचे आहे. तिसरी मर्यादा अशी की, न पिण्याची ग्वाही शेवटी त्या माणसाच्या तोंडूनच घेतलेली होती.

मांडवीचे माप वैनगंगेला

आता हाच प्रयोग गोव्यातून उचलून धानोऱ्याच्या किंवा एटापल्लीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन पाहू. गोव्यात दारू उघड विकली जाते आणि उघड प्यायली जाते. ‘किती पिता?’ हा तिथे आरोग्याचा प्रश्न आहे. बंदी असलेल्या जिल्ह्यात तोच प्रश्न गुन्ह्याचा कबुलीजबाब मागितल्यासारखा वाटतो. सरकारी दवाखान्यात, सरकारी नोंदवहीत, आपण काल किती प्यालो हे कोण खरे सांगेल? बंदीच्या बाजूने कितीही चांगली कारणे असली तरी तिचा हा एक परिणाम आहे. उपचार करणाऱ्याने विश्वास मिळवण्यासाठी वेगळे प्रयत्न केले पाहिजेत. निदान एवढे तरी स्पष्ट हवे की उपचाराची नोंदवही पोलिसांकडे जाणार नाही.

मापाचा प्रश्न त्याहून मजेदार आहे. ‘ऑडिट’मध्ये पिण्याचे माप ‘एक ड्रिंक’ हे असते आणि एका ड्रिंकमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. १८० मिलिलिटरचा विदेशी मद्याचा पव्वा घ्या. त्यात अल्कोहोल ४२.८ टक्के. म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर अल्कोहोल, वजनाने सुमारे ६१ ग्रॅम. एक पव्वा म्हणजे सहा ड्रिंक! ‘मी फक्त एक पव्वा घेतो’ म्हणणाऱ्याला हा हिशोब सहसा माहीत नसतो. आणि मोहाच्या दारूचे काय? सडवा किती दिवस ठेवला, पहिली धार की नंतरची, पाणी किती घातले, यावर तिचा कडकपणा ठरतो. पेल्याचा आकार घरोघरी वेगळा. ही प्रश्नावली तयार झाली ती ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतील रुग्णांच्या आधारे. मोहफुलाचा देश त्यात नव्हता. याचा अर्थ प्रश्नावली टाकून द्यावी असा नाही. तिचे मराठी, गोंडी, माडिया बोलण्यात नीट रूपांतर करून, इथल्या पेल्याचे माप एकदा प्रयोगशाळेत ठरवून, मग ती वापरावी. काम लहान आहे, पण ते केल्याशिवाय इथल्या आकड्याची तिथल्या आकड्याशी तुलना करता येणार नाही.

शिवाय मोहाची दारू पूजेत, लग्नात, मरणात लागते. सणाला पिणारा आणि रोज पहाटे पिणारा यांच्यात आदिवासी समाज स्वतःच फरक करतो. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला तो फरक दिसला नाही तर त्याचे बोलणे पहिल्याच बैठकीत ऐकेनासे होते.

दारू एकदम तोडली तर

संशोधन आणि व्यवहार जोडले नाहीत तर जीवावर बेतू शकते, असे एक ठिकाण आहे. ते नीट समजून घेतले पाहिजे.

अल्कोहोल मेंदूतील शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देते आणि उत्तेजित करणारीला दाबते. रोज भरपूर दारू मिळाली की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो : ब्रेक ढिले करतो आणि ॲक्सिलरेटर दाबून धरतो. मग दारू एकाएकी थांबली की ढिले ब्रेक आणि दाबलेला ॲक्सिलरेटर एवढेच उरते. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेले प्राणी दिसतात, ताप चढतो, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही येऊ शकतो. यालाच विड्रॉवलची लक्षणे म्हणतात. गावात मात्र ‘अंगात आले’, ‘कोणी करणी केली’ किंवा ‘दारू पाहिजे म्हणून नाटक करतो’ अशी त्याची संभावना होते.

यावरचे उपचार नवीन नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डायझेपामसारखी औषधे कमी कमी करत काही दिवस देणे आणि थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देणे, हा त्यांचा गाभा आहे. ही औषधे महाग नाहीत. पण ती वेळेवर, योग्य माणसाला मिळाली पाहिजेत. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना दारूवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे. ग्रामसभेने ठराव केला, बायांनी सडवा ओतून दिला, गावात थेंब मिळेनासा झाला, की तो दिवस गावाच्या विजयाचा असतो. त्याच गावातल्या दोन-चार घरांत पुढचे चार दिवस धोक्याचे असतात. म्हणून ठरावाच्या आधी ‘आपल्या गावात सकाळी हात थरथरणारे किती?’ याची यादी करावी, आणि ती आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना द्यावी. ही एवढी एक गोष्ट झाली तरी संशोधन व्यवहारात आले असे मी म्हणेन.

याच्या अगदी उलट टोकाला जाहिरातींतली औषधे आहेत. ‘पिणाऱ्याला न कळवता जेवणातून द्या, दारू कायमची सुटेल.’ अशा पुड्यांत काय असते हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम हे खरे औषध १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये पुढे आले. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर अल्कोहोलपासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड शरीरात साठते. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. माणसाला हे आधी माहीत असेल आणि त्याने ते स्वतःहून स्वीकारले असेल, तर या भीतीचा उपयोग होतो. त्याला न सांगता दिले तर ती विषबाधाच होय.

व्यवहाराचेही चुकते

इथपर्यंत संशोधनाच्या उणिवा पाहिल्या. पण व्यवहार करणाऱ्यांची बाजूही तपासली पाहिजे.

व्यसनमुक्तीच्या बातम्या आठवून पाहा. इतकी शिबिरे झाली, इतक्यांनी लाभ घेतला, इतक्यांनी शपथ घेतली. वर्षभरानंतर त्यांपैकी किती जण पीत नव्हते, हे त्या बातम्यांत क्वचितच असते. बंदीच्या वादातही तसेच. एक बाजू पकडलेल्या दारूचे आणि दाखल गुन्ह्यांचे आकडे देते, दुसरी बुडालेल्या महसुलाचे. गुन्ह्यांचा आकडा पोलिसांनी किती काम केले ते सांगतो, लोक किती प्याले ते सांगत नाही. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत, पण हवे आहे ते मोजमाप कोणाकडेच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गडचिरोलीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण राज्याच्या १३.९ टक्के या सरासरीपेक्षा बरेच जास्त निघाले, तेव्हा ‘बंदी फसली’ असे लगेच म्हटले गेले. पण हा आकडा घरातल्या एका माणसाने सगळ्या घराविषयी दिलेल्या उत्तरावरून काढलेला असतो. आणि समजा तो अगदी बरोबर आहे, तरी तो पातळी सांगतो, बदल सांगत नाही. बंदी नसती तर इथे किती प्याले असते? मोहाच्या प्रदेशाची तुलना सरसकट राज्याशी करून त्याचे उत्तर मिळणार नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये गेली. शेजारच्या गडचिरोलीत ती या सगळ्या काळात होती. निसर्गाने नव्हे तर सरकारनेच असा प्रयोग मांडून दिला होता! आधी, मध्ये आणि नंतर त्याच गावांत त्याच पद्धतीने मोजत राहिले असते, तर आज भाषणांऐवजी पुरावा घेऊन वाद घालता आला असता.

मोजणे या जंगलात शक्यच नाही, असे कोणी म्हणू नये. याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे आधी फक्त नवजात बालकांचे मृत्यू आणि आजार मोजले. मग ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटला. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाला भेट देण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पुरावा आणि व्यवहार यांची सांगड इथल्याच मातीत घातली गेली आहे. २०१६ पासून त्याच जिल्ह्यात शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. जनजागृती, गावांचे संघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार ही चारही अंगे त्यात एकत्र आहेत. केवळ बंदी किंवा केवळ समुपदेशन यांपेक्षा ही दृष्टी व्यापक आहे. त्यातील उपचाराच्या अंगाला नवजात बालकांच्या प्रयोगाइतकीच कडक मोजपट्टी लावली जावी, अशी अपेक्षा ठेवणे हा त्या कामाचा सन्मानच आहे.

मात्र प्रत्येक वेळी संशोधन पुढे आणि व्यवहार मागे असेच असते, असेही नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही दारू सोडलेल्यांनी एकमेकांना सावरण्याची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. शास्त्रज्ञ बरीच वर्षे तिच्याकडे संशयाने पाहत होते. २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दारू पूर्ण सोडून राहण्याच्या बाबतीत ती पद्धत इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीची किंवा थोडी सरसच ठरली. पुरावा यायला पंच्याऐंशी वर्षे लागली. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी जमलेले अनुभवाचे धनही असेच आहे. ते शास्त्रज्ञांनी ऐकले पाहिजे आणि तपासलेही पाहिजे.

शिक्षकांनी काय करावे?

दारू सोडवणे हे शिक्षकांचे काम नव्हे, आणि त्यांच्यावर आणखी एक सरकारी काम लादावे असेही मला म्हणायचे नाही. पण तीन गोष्टी शाळेतच होऊ शकतात.

पहिली, दावा तपासण्याची सवय. कोणतेही ‘व्यसनमुक्ती’चे यश समोर आले की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे : कितीपैकी किती? किती दिवसांनंतर? कोणाशी तुलना करून? आठवी-नववीच्या मुलांना छत्तीस आणि सव्वीसचे उदाहरण सहज समजते. वर्तमानपत्रातली एक जाहिरात आणि हे तीन प्रश्न, एवढ्यावर विज्ञानाचा एक तास चांगला रंगतो.

दुसरी, हिशोब. पव्व्यातील अल्कोहोलचे गणित वर दिले आहे. दारूपेक्षा खर्रा मुलांच्या अधिक जवळचा आहे. रोज एक खर्रा खाणाऱ्याचे वर्षाला किती रुपये जातात, हे मुलांनी आपल्या गावातल्या भावाने काढावे. खर्ऱ्यातली तंबाखूच नव्हे तर सुपारीही कर्करोगकारक आहे, हे त्याच तासात सांगता येईल. कोणाच्या घरी काय खातात-पितात, हे मात्र वर्गात विचारू नये.

तिसरी गोष्ट त्यातूनच येते. ज्याचा बाप पितो ते मूल आपल्याच वर्गात बसलेले असते. ‘दारुडे वाईट असतात’ असे फळ्यावर लिहिले की ते मूल मान खाली घालते. त्याऐवजी ‘हा मेंदूचा आजार आहे, त्याला उपचार आहेत, तो तुझ्यामुळे झालेला नाही’ हे कळले तर तेच मूल घरी जाऊन आईला सांगेल की आरोग्य केंद्रात विचारून पाहा. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लिहून ठेवायला खर्च येत नाही.

गोव्याच्या प्रयोगाविषयी माझे मत थोडक्यात असे : तो प्रामाणिक आहे, काटेकोर आहे आणि त्याने एक गोष्ट पक्की सिद्ध केली आहे. दारू सोडायला मदत करण्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागत नाही; शिकवलेला, देखरेखीखाली काम करणारा गावचा माणूसही पुरेसा ठरू शकतो. ज्या भागात मनोविकारतज्ज्ञ शंभर-दीडशे किलोमीटरवर असतो, तिथे ही फार मोठी बातमी आहे. पण हा प्रयोग गोव्यातील, मधल्या पट्ट्यातील, पुरुषांवरचा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यासाठी तो उत्तर म्हणून वापरता येणार नाही, नमुना म्हणून वापरता येईल. इथल्या बायांचा प्रश्न धरून, इथल्या पेल्याचे माप घेऊन, हात थरथरणाऱ्यांना वगळून न टाकता, तो पुन्हा करावा लागेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने ‘अभ्यास करणारा गट’ आणि ‘निर्णय घेणारी ग्रामसभा’ यांची जोडी फार वर्षांपूर्वीच लावली : आधी गटात माहिती गोळा करायची, चर्चा करायची, मग सभेत ठरवायचे. व्यसनाच्या बाबतीत प्रयोगशाळा, दवाखाना आणि गाव यांच्यात अशीच जोडी लावण्याचे काम बाकी आहे.